पोटमाळ्यावरची ट्रंक

प्रश्न : ताई, वडील आणि काका मिळून कुर्ला पश्चिमेला क्रोम प्लेटिंगचा कारखाना चालवायचे, 1962 ते 1996. आता दोघंही नाहीत. जागा विकायला काढली तेव्हा बिल्डरने माती तपासून घेतली आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप निघालं. शेजारच्या चाळीच्या बोअरचं पाणीही पिवळट आहे. सफाईचा खर्च तुम्ही करा, असं बिल्डर म्हणतो. पोटमाळ्यावर काकांची ट्रंक आहे, तिच्यात जुन्या विमा पॉलिसी आहेत. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे अशा पॉलिसींतून पैसे मिळतात. आपल्याकडे मिळतील, की ही सगळी रद्दी?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : रद्दीवाल्याला बोलावू नका. 26 जुलै 2005 च्या पुरात कुर्ल्यातल्या कितीतरी कारखान्यांची दप्तरं चिखलात गेली. तुमची ट्रंक वाचली, हे नशीब समजा.

पण आधी पाणी. चाळीतल्या लोकांना आजच्या आज सांगा की ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि पाणी पिवळं दिसतंय म्हणजे प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असू शकतं. विम्याचा दावा बिघडेल या भीतीने कुणी गप्प राहायला सांगितलं, तरी गप्प राहू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

आता ट्रंक. मी फोर्टात दावे विभागात 31 वर्षं काढली. 1988 साली रंगाच्या धंद्यातले एक गृहस्थ जुन्या पॉलिसींची थप्पी घेऊन आले होते. मुदत संपलेली पॉलिसी ठेवून काय करणार, असं मी त्यांना सांगून टाकलं. ते वाक्य मला अजून बोचतं, कारण ते चूक होतं.

तुमचा भाऊ खरं सांगतोय. अमेरिकेत 1966 च्या सुमारास ज्या सर्वसाधारण दायित्व पॉलिसी (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणाऱ्या) निघाल्या त्या ‘घटनेवर’ चालायच्या. दुसऱ्याचं नुकसान पॉलिसीच्या वर्षात घडलेलं असलं की झालं, दावा तीस वर्षांनी आला तरी तीच पॉलिसी लागू. 1980 साली तिथे सुपरफंड कायदा आला, जुन्या मालकांकडून जमीन साफ करण्याचा खर्च वसूल व्हायला लागला आणि लोक तळघरं धुंडाळू लागले. जुन्या पॉलिसी शोधून देणारे खास लोक तिथे आहेत, त्यांना विम्याचे पुरातत्त्वज्ञच म्हणतात. विमा कंपन्यांनी पुढे दारं बंद केली : 1973 च्या मसुद्यात ‘अचानक आणि अपघाताने’ झालेलंच प्रदूषण राहिलं, 1986 मध्ये प्रदूषण जवळजवळ सगळंच वगळलं. म्हणून तिकडे जितकी जुनी पॉलिसी तितकी मोलाची.

आपल्याकडे वाट अरुंद आहे. कुर्ल्यातले लहान कारखानदार बहुधा बँकेने मागितली म्हणून आगीची पॉलिसी घ्यायचे, आणखी एखादी कामगार भरपाईची. या दोन्हींचा तुम्हाला थेट उपयोग नाही. हवी ती ‘पब्लिक लायबिलिटी’, म्हणजे आपल्याकडची दायित्व पॉलिसी. काका एखाद्या मोठ्या कंपनीला माल पुरवत असतील तर त्या कंपनीने करारात तशी अट घातलेली असू शकते, म्हणून ऑर्डरींच्या फायलीही उघडा. पॉलिसी नाही सापडली तरी खचू नका. लेजरमध्ये प्रीमियमची नोंद, ताळेबंद, नूतनीकरणाचं पत्र, एजंटची पावती, यांतून पॉलिसीचा नंबर निघतो. एका दाव्यात मी एजंटच्या लाल बासनातल्या डायरीवरून पॉलिसी शोधलेली आहे.

पॉलिसीवरची कंपनी आज कुठेच दिसत नाही म्हणून घाबरू नका. 1 जानेवारी 1973 ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 107 विमा कंपन्यांचा कारभार न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चौघींत गेला. तुमची कंपनी कुणाच्या पदरात पडली ते शोधून पत्र तिथेच पाठवायचं.

मग शब्द बघायचे. आपल्याकडच्या अलीकडच्या बहुतेक दायित्व पॉलिसी ‘दाव्यावर’ चालतात, म्हणजे दावा मुदतीतच यावा लागतो. त्या तुमच्या कामाच्या नाहीत. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यावरही भिस्त ठेवू नका. तो भोपाळनंतर आला, तो अपघातात सापडलेल्या माणसांना तातडीची मदत मिळावी म्हणून, वर्षानुवर्षं झिरपलेली माती उपसायला नव्हे. दुसरी अडचण याहून मोठी : दायित्व विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो, स्वतःच्या जमिनीचा नसतो. तुमच्या आवारातली माती साफ करण्याचे पैसे मागाल तर पहिलाच नकार इथे येईल. चाळीचं बोअर आणि जमिनीखालचं पाणी हा तुमच्या दाव्याचा गाभा आहे. आवारातली माती काढल्याशिवाय ते पाणी सुधारणार नाही, असं भूजलतज्ज्ञाकडून लेखी घ्या.

पैसे मिळोत न मिळोत, जबाबदारी टळत नाही. राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रदूषणाच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकला आणि 2025 मध्ये दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियमही आले. तुम्ही वारस आहात, कारखाना भागीदारीत होता. तुमच्यावर किती बोजा येतो, हे वकिलाकडून समजून घ्या.

बिल्डरला खोदाई थांबवायला सांगा. विमा कंपनीला रजिस्टर्ड पत्राने कळवल्याशिवाय, तिच्या सर्व्हेअरला पाहणीची संधी दिल्याशिवाय माती हलली तर ‘आम्हाला विचारलंच नाही’ हे कारण आयतं मिळेल.

ट्रंक उघडाल तेव्हा गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा आणि प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. अटी बहुधा मागच्याच बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या असतात.