निधी परत जाईल म्हणून ओढा बुजवायचा का?

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे : ‘आमच्या गावात नळाला दिवसाआड पाणी येते, गटारे उघडी आहेत आणि नगरपरिषद मात्र ओढ्याच्या सुशोभीकरणासाठी कोट्यवधींची निविदा काढत आहे. काठावरची झाडेही जाणार आहेत. सामान्य नागरिकाला हे थांबवता येते का?’

थोडेफार थांबवता येते, सगळे थांबवता येत नाही आणि उशीर झाला तर काहीच थांबवता येत नाही. याहून नेमके उत्तर माझ्यापाशी नाही. तरीही लिहायला बसलो, कारण आमच्या गावच्या ओढ्याचे सुशोभीकरण करावे अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी होती आणि माझे थोरले बंधू ती गोष्ट मला गेली कित्येक वर्षे जेवताना, लग्नाकार्यात आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावरही ऐकवत आले आहेत.

मी एकतीस वर्षे सरकारी बांधकामांची बिले तपासून निवृत्त झालो. गाव पश्चिम महाराष्ट्रातले, तालुक्याचे. आमचा ओढा डोंगराच्या पायथ्याशी उगम पावतो, बाजारपेठेच्या मागून वळसा घेतो आणि खाली नदीला मिळतो. काठाला वाळुंज, करंज आणि निर्गुडी होती, वळणावर एक थोराड उंबर होता, पाण्यावर ओणवलेल्या बाभळीवर दर पावसाळ्यात सुगरणींची घरटी लोंबत असत. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात निम्म्या गावच्या गोधड्या तिथे धुतल्या जात. पाणी स्वच्छ होते असे मी म्हणणार नाही. पाच गटारे त्यात सुटली होती आणि उन्हाळ्यात डासांनी जीव नकोसा होई. म्हणून निवृत्तीनंतर आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्या बारा-तेरा जणांनी अर्ज केला : गटारांचा बंदोबस्त करावा, चार बाकडी ठेवावीत आणि एक दिवा लावावा.

२०१७ च्या दिवाळीनंतर या अर्जाचे रूपांतर पावणेदोन कोटींच्या कामात झाल्याचे आम्हाला वर्तमानपत्रातील निविदेच्या सूचनेवरून समजले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रकाची प्रत मागितली. तीस दिवसांच्या मुदतीतल्या अगदी शेवटच्या दिवशी ती हाती आली आणि त्या रात्री मी चष्मा लावून, जुन्या सवयीने लाल पेन्सिल घेऊन एकेक बाब तपासली. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, स्टेनलेस स्टीलचे कठडे, संगीत कारंजे, गावाच्या नावाची प्रकाशित अक्षरे. आमची चार बाकडी होती, ती बावीस झाली होती. पाच गटारे मात्र कुठेच नव्हती. मैला जसा येत होता तसाच येणार होता, फक्त तो पाहत बसण्याची सोय होणार होती. देखभाल-दुरुस्तीची बाब शोधली, तीही नव्हती.

मग मी उंबर शोधू लागलो. झाड तोडायचे असेल तर त्याचा घेर, जात, संख्या यांची नोंद हवी, असे एकतीस वर्षे मी इतरांच्या बिलांवर शेरे मारून सांगत आलो होतो. तशी नोंद नव्हती. अखेर तिसऱ्या पानावर ती ओळ सापडली : ‘गवत, झाडेझुडपे काढून जागा साफ करणे’, परिमाण चौरस मीटर. म्हणजे आमचा उंबर त्या अंदाजपत्रकात झाड म्हणून नव्हताच, तो चौरस मीटरमध्ये धरलेले झुडूप होता. दुसऱ्या दिवशी नातवाला बरोबर घेऊन, शिंप्याकडून आणलेल्या टेपने मी त्याचा घेर मोजला. छातीच्या उंचीवर अकरा फूट चार इंच भरला. टेप अपुरी पडली म्हणून नातवाने बोट ठेवले आणि मी दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजले.

याच सुमारास दादाशी पहिला मोठा वाद झाला. दादा गावच्या राजकारणात कधी उभा राहिला नाही, पण प्रत्येकाच्या प्रचाराला गेला. तो म्हणाला, “अरे, निधी आलाय तर घे की. आपण नाही घेतला तर परत जाईल, नाहीतर शेजारच्या गावाला मिळेल. आणि मागितलं कुणी? पहिली सही तुझीच ना?” हे वाक्य मी आजवर सरपंचापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडून ऐकले आहे आणि तुम्हालाही ते ऐकवले जाणारच, म्हणून त्याचे उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

निधी परत जातो हे खरे आहे. ३१ मार्चला खर्च न झालेले अनुदान शासनाकडे वळते होऊ शकते आणि त्या भीतीने फेब्रुवारी-मार्चमध्ये गावोगाव रस्ते उकरले जातात, हे मी बिलांच्या ढिगाऱ्यावरून सांगू शकतो. परंतु परत गेलेला पैसा समुद्रात बुडत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी शाळेला किंवा दवाखान्याला लागतो. शिवाय सगळा निधी एका रंगाचा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२०-२६) अनुदानाचा मोठा भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिलेला होता, तर वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी मिळणाऱ्या अनुदानात काय मागायचे हे बऱ्याच अंशी गावच ठरवते. म्हणून ‘वरून आले’ असे कुणी म्हणाले की वर प्रस्ताव कुणी पाठवला, हे विचारावे. तो बहुधा गावातूनच गेलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनुदानातून कारंजे उभे राहते, पण त्याचे वीजबिल घरपट्टीतून जाते. दादा याला अजूनही उत्तर देत नाही, तो चहा मागवतो.

हा रोग फक्त लहान गावांचा आहे असे समजू नका. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या विकासाचा ४,७२७ कोटींचा प्रकल्प आहे आणि त्याचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. त्याच नद्यांत जाणारे मैलापाणी शुद्ध करण्याचा, जपानच्या साहाय्याने अकरा केंद्रे उभारण्याचा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प मात्र २०१६ पासून मंजूर असूनही तोवर पूर्ण झालेला नव्हता. तिथले नागरिक आधी पाणी स्वच्छ करा, मग काठ सजवा, असे सांगत रस्त्यावर आले, ते काही विकासाचे शत्रू म्हणून नव्हे. याला आपल्याकडे आधी कळस मग पाया म्हणतात. ओढे अरुंद झाले की काय होते, हेही त्याच शहराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या काठी पाहिले आणि माणसे गमावली. आमचा ओढा तेवढा मोठा नाही, पण तत्त्व तेच आहे : पाण्याला पात्र लागते आणि ते दिले नाही तर पाणी ते घरातून घेते.

मी हे तत्त्व त्या वेळी लेखी मांडले. नकाशावरून दिसत होते की वळणावरचे पात्र भिंतीमुळे निम्म्याहून कमी होणार आहे. मी पावलांनी मोजून आकडे दिले, पूररेषा आखली आहे का असे विचारले, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा यांचा उल्लेख केला. उत्तर आले की काम तांत्रिक मान्यतेनुसार आहे. मी ज्यांची बिले एकेकाळी परत पाठवली होती, त्यांच्यापैकीच कुणीतरी हे उत्तर लिहिले असावे अशी मला शंका आहे, पण तो विषय इथे नको.

झाडांच्या बाबतीत मात्र आम्हाला थोडे यश मिळाले. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा नगरपरिषदांनाही लागू आहे. तोडण्यापूर्वी झाडावर सूचना लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस असतात. आमच्या झाडांवर एकही कागद चिकटवलेला नव्हता, कारण कागदोपत्री ती झुडपे होती. आम्ही हे लेखी निदर्शनास आणून जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी तहकूब करावी असा अर्ज दिला. तहकुबी मिळाली नाही. परंतु चौकशीचे पत्र आले आणि त्या पत्राच्या धाकाने उंबर व दोन करंज वाचले. पत्र येण्याच्या आदल्या आठवड्यात वाळुंज आणि सुगरणींची बाभूळ गेली होती. आम्ही अर्ज तीन आठवडे आधी दिला असता तर तीही राहिली असती, कारण ते तीन आठवडे आम्ही शिष्टमंडळात कोणी कोणी जायचे यावर वाद घालण्यात घालवले.

उंबर वाचला, पण ठेकेदाराने पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले. दिल्लीतील झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्यास सांगितले होते. ती प्रत मी जोडून दिली, दोनदा स्मरणपत्र दिले, काही झाले नाही. एका रविवारी पहाटे मी आणि नातू पहार घेऊन गेलो आणि बुंध्याभोवतीचे ब्लॉक उचकटून काढले. खाली दमट, दाबल्या गेलेल्या मातीत पांढरी मुळे अक्षरशः चपटी झालेली दिसली. काढलेले ब्लॉक हातगाडीवर घालून सोमवारी नगरपरिषदेच्या भांडारात जमा केले आणि पोच मागितली. तिथल्या लिपिकाने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि लिहून दिले : ‘पेव्हर ब्लॉक, नग ६४, मिळाले.’ ती पोच माझ्यापाशी आहे. तुम्ही असे करू नका. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान म्हणून गुन्हा दाखल होऊ शकतो. माझ्यावर झाला नाही, कारण तो लिपिक भला होता आणि माझे वय झाले होते.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात ओढा भिंतीवरून उडी मारून कुंभारवाड्यात शिरला. नवरात्रासाठी रचलेली मडकी आणि गणपतींचे साचे पाण्यात वाहून जाताना मी डोळ्यांनी पाहिले. उंबराच्या वळणावर, जिथे भिंत बांधता आली नव्हती, तिथे पाणी पसरून शांतपणे ओसरले. मी दादाला तिथे नेऊन दाखवले. तो म्हणाला, “असा पाऊस काय रोज पडतो?” कारंजे दोन गणेशोत्सव चालले आणि आता त्याच्या पंपघरात एका मंडळाचे ढोल ठेवलेले असतात.

आता तुमच्याविषयी. आमच्या वेळी नसलेल्या दोन गोष्टी तुमच्या हाताशी आहेत. झाडांच्या त्याच अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि ते तोडलेच तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आहे. तेव्हा घेर मोजा, छायाचित्रे काढा, गावातील म्हाताऱ्यांकडून वय लिहून घ्या. दुसरे म्हणजे, नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयामुळे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयातील अभिलेख समक्ष पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराच्या उत्तराची महिनाभर वाट पाहण्याची गरज नाही. माहितीचा अर्ज करायचाच असेल तर तो एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर तो त्याच कारणाने परत येतो. अंदाजपत्रकात सगळ्यांत आधी ‘जागा साफ करणे’ ही बाब वाचा, मग देखभालीची शोधा, मग आडवा छेद, म्हणजे पात्र किती रुंद राहणार हे दाखवणारे चित्र, पाहा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सुशोभीकरणाला सरसकट विरोध करू नका. संध्याकाळी त्या बावीस बाकड्यांपैकी एकही रिकामे नसते. आमच्या घरातल्या बायका सांगतात की पूर्वी अंधारात तिथून जायला भीती वाटे, आता वाटत नाही. दिवा आम्हीच मागितला होता आणि तो योग्यच होता. दादा रोज उंबराखालच्या बाकड्यावर बसतो, कारण उन्हात तापलेल्या बाकी एकवीस बाकड्यांवर सहा वाजेपर्यंत बसवत नाही. हे मी त्याला अजून बोलून दाखवलेले नाही, इथे लिहिले आहे.

निविदा उघडली आहे की कार्यादेशही निघाला आहे, हे तुमच्या प्रश्नात लिहिलेले नाही. कार्यादेश निघाला नसेल तर येत्या सोमवारी तीन वाजता जा आणि शिष्टमंडळ ठरण्याची वाट न पाहता एकटे जा.