मुलांची मराठी आणि मोबाइलचा कळफलक

प्रश्न : आम्ही नऊ वर्षांपासून म्युनिकमध्ये राहतो. आमची मुलगी बारा वर्षांची आहे. तिला मराठी नीट समजते, घरी ती मराठी आणि जर्मन मिसळून बोलते आणि नाशिकच्या आजी-आजोबांना रोमन अक्षरांत मराठी निरोप पाठवते. तिने देवनागरी लिहायला शिकावे असे मला मनापासून वाटते. तिचे बाबा म्हणतात की भाषांतराची यंत्रे आता सगळे करून देतात, इंटरनेटवर तिच्या वयाचे मराठी फारसे काही नाही, मग तिच्यावर हे ओझे कशाला? त्यांना काय सांगावे?

उत्तर : इंटरनेटवर मराठी कमी आहे हे तुमच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे, आणि ते मान्य करूनच पुढे बोलावे. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. भारतात हिंदी आणि बंगाली यांच्यानंतर मराठीच येते. जर्मन मातृभाषा असणारे लोक याहून फार जास्त नाहीत. असे असूनही जगातल्या संकेतस्थळांपैकी जवळजवळ निम्मी इंग्रजीत आहेत, जर्मनचा वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि मराठीचा एक दशांश टक्काही भरत नाही. बोलणारे इतके असताना हे असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी लिहिण्याच्या साधनांत आहे. आपले छापखाने आणि वर्तमानपत्रे कित्येक वर्षे श्रीलिपीसारख्या टंकांवर, म्हणजे स्वतःचीच वेगळी अक्षरमांडणी असलेल्या संगणकी फॉन्टवर, चालत होती. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत आणि शोधयंत्रांना तो मराठी म्हणून ओळखूच येत नसे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरोघरच्या माणसाच्या हातात ती पोहोचली स्मार्टफोनबरोबर, आणि तोवर ईमेल व एसएमएसमुळे रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय हाडीमाशी खिळली होती. तुमच्या मुलीने ती सवय उचलली आहे ती आपल्याच पिढीकडून.

मुलीच्या वयाचे काहीच नाही, हे मात्र बरोबर नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तिथून सुरुवात करावी.

आता भाषांतराच्या यंत्राविषयी. माझी भाची शिकायला परदेशी गेली तेव्हा इंग्रजी वाक्य यंत्रात घालून, आलेले मराठी जसेच्या तसे आजीला पाठवत असे. पहिल्याच दिवशी तिचा निरोप आला, ‘मी सुखरूप पोहोचलो.’ आजी घाबरली. हिचा फोन दुसऱ्या कोणा मुलाच्या हाती तर लागला नाही ना, असे विचारायला तिने रात्री साडेदहाला मला फोन केला. इंग्रजी वाक्यात बोलणारा मुलगा आहे की मुलगी हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘पोहोचलो’ आणि ‘पोहोचले’ यांपैकी एक निवडावेच लागते, आणि यंत्राने पुल्लिंगी रूप उचलले. दुसरी अडचण याहून घरगुती आहे. आपल्या पुष्कळ घरांत आजीला ‘अगं आजी, तू’ म्हणतात आणि आजोबांना ‘अहो आजोबा, तुम्ही’. कुणाच्या घरी आजोबाही ‘अरे आजोबा’ असतात. तुमच्या घराची रीत कोणत्याही यंत्राला ठाऊक असणार नाही. भाषांतराची यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत आणि दवाखान्याची चिठ्ठी किंवा सरकारी कागद समजून घ्यायला ती खुशाल वापरावीत. आजीशी बोलण्याचे काम मात्र मुलीने स्वतः करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवनागरीचाच आग्रह का, हे मुलीला पटवायचे असेल तर तिच्याच शाळेतले उदाहरण घ्या. जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे एव्हाना आणि ‘श्योन’ म्हणजे सुंदर. लिहिताना दोहोंत फरक असतो तो एका स्वरावरच्या दोन टिंबांचा. ती टिंबे गाळलेली तिच्या जर्मनच्या शिक्षकांना चालणार नाहीत. मग तिला एम, ए, एल, ए ही चार रोमन अक्षरे कागदावर लिहून दाखवा आणि विचारा की हा शब्द कोणता. तो ‘मला’ असू शकतो, ‘माळा’ असू शकतो, ‘मळा’ आणि ‘माला’ही असू शकतो. ज्याचे कान मराठीत मुरलेले आहेत तो संदर्भाने ओळखतो. पण जी मुलगी हा शब्द आठवड्यातून एकदाच ऐकते, तिच्या डोळ्यांसमोर ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ वेगळे कधी आलेच नाहीत तर काही वर्षांनी तिच्या जिभेवरही ते वेगळे राहत नाहीत. परदेशात वाढलेल्या कितीतरी गुणी मुलांच्या तोंडून मी ‘शाला’ आणि ‘बाल’ ऐकले आहे. त्यांच्या उच्चाराला दोष देण्याआधी त्यांनी तो शब्द कधी लिहिलेला पाहिला होता का, हे विचारायला हवे.

यातच एक लहानशी गोष्ट आहे, जिच्याकडे बहुतेक पालकांचे लक्ष जात नाही. मुलीच्या फोनवर देवनागरी कळफलक असेल तर तो मराठीचा आहे की हिंदीचा, हे आज संध्याकाळी स्वतः पाहा. लिपी एकच असल्यामुळे पुष्कळ जण यादीत दिसणारा पहिला कळफलक, म्हणजे हिंदीचा, निवडून मोकळे होतात. मग रोमन अक्षरांत ‘पाणी’ टाइप केले की समोर ‘पानी’ येते आणि ‘ळ’ शोधत बसावा लागतो. मुलीला वाटते की यंत्र सुचवते तेच बरोबर. मराठीचा कळफलक निवडला की सुचवले जाणारे शब्दही मराठी असतात. त्याच वेळी तिला ‘ऱ’ कुठे आहे तेही दाखवा, कारण त्याच्याशिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक, म्हणजे समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा यांतला फरक, लिहिता येत नाही.

लिहायचे कुणाला आणि कधी, हे ठरलेले असावे. जर्मनीत रविवारी दुपारचे तीन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात नाशिकला साडेसहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. आजी-आजोबा निवांत असण्याची हीच वेळ. त्या वेळी मुलीने देवनागरीत तीन वाक्ये लिहावीत. तीनच पुरेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नका. ‘मी काल पोहायला गेले होते’ यातले ‘गेले’ बरोबर आले, ‘काल’ला ‘ल’ आला आणि ‘काळ’ला ‘ळ’, एवढे सुरुवातीला भरपूर झाले.

मुलगी थोडी रुळली की तिला घराबाहेरच्या वाचकासाठी लिहू द्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला आणि त्यात कोणालाही भर घालता येते. म्युनिकच्या ईझार नदीविषयी किंवा तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या पुलाविषयी संदर्भासह दोन वाक्ये मराठीत लिहिणे बारा वर्षांच्या मुलीला, आई शेजारी बसली असता, सहज जमते. सदस्यनाव घेताना खरे नाव देऊ नये. घरातल्या मोठ्यांनी यंत्रांना माणसांचे बोलणे ओळखता यावे म्हणून लोकांचे आवाज जमवणाऱ्या, मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्ये वाचून आवाज द्यावा. विशेषतः ज्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी, मालवणी किंवा खानदेशी वळण आहे त्यांनी तर जरूर द्यावा, कारण छापील मराठीच्या पलीकडचे उच्चार यंत्रांच्या कानावर फार थोडे पडले आहेत. न्यूझीलंडमधल्या ते हिकू मीडिया या माओरी प्रसारणसंस्थेने २०१८ मध्ये लोकांना असेच आवाहन केले तेव्हा १० दिवसांत ३०० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमले आणि त्यावरून माओरी बोलणे लिहून काढणारी प्रणाली उभी राहिली. आपल्या तुलनेत माओरी बोलणारे मूठभर आहेत.

शेवटी नाशिकच्या बाजूचे काम. मुलीने कष्टाने तीन वाक्ये लिहिली आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र आले, तर तिसऱ्या रविवारी ती लिहायची थांबेल. म्हणून आजोबांना आजच फोन करून सांगा की त्यांनीही देवनागरीत एक वाक्य लिहावे आणि त्याच्या शेवटी एक प्रश्न विचारावा. ‘तुझ्या शाळेसमोरच्या झाडाला पाने फुटली का?’ असा प्रश्न आला की तिला खिडकीपाशी जाऊन बघावे लागेल, आणि मग उत्तर लिहावे लागेल.