केनियातील माहितीपटासाठी नवा कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : मी नागपुरात जनसंवाद विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. केनियातील किसुमू येथे व्हिक्टोरिया सरोवरावरील मासेमारांविषयी माहितीपट करणाऱ्या एका लहान गटाकडे तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली आहे. माझ्याजवळ क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा) जुना मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि ३५ मिमी एफ/१.८ ची एक लेन्स आहे. घरची मंडळी दीड लाखाचे कर्ज काढून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घेऊन देण्यास तयार आहेत. तो घ्यावा का? आणि निघण्यापूर्वीच्या चार महिन्यांत कशाचा सराव करावा?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : प्रथम तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या हाताला ज्या कॅमेऱ्याची बटणे अंधारातही सापडतात, तोच परक्या मुलखात भरवशाचा ठरतो. चार महिन्यांपूर्वी घेतलेला नवा कॅमेरा कितीही उत्तम असला, तरी ऐन प्रसंगी तुमचे निम्मे लक्ष त्याच्या मेन्यूतच अडकून पडेल. त्या रकमेचा लहानसा भाग ध्वनी, साठवण आणि फिल्टर यांवर खर्च केला, तर तुमच्या कामात पडणारा फरक कोणालाही जाणवेल.

ध्वनीचे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण छायाचित्रणाकडून माहितीपटाकडे वळणारे विद्यार्थी त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. थोडे हललेले दृश्य प्रेक्षक चालवून घेतो. न समजणारे बोलणे तो चालवून घेत नाही. कॅमेऱ्यावर बसणारा, समोरचाच आवाज टिपणारा एक शॉटगन माइक, कॉलरला लावायचा एक लहान माइक, दोन्हींसाठी वारा अडवणारी फरची आवरणे आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन एवढे साहित्य पुरेसे आहे. बोलण्याचा आवाज वाढला तरी आवाजाचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीही बोलत नसताना तिथला अर्धा मिनिट नुसता आवाज ध्वनिमुद्रित करावा. संपादनात दोन वाक्यांमधली फट भरायला तो लागतोच.

दुसरी खरेदी एनडी फिल्टरची, म्हणजे लेन्ससमोर लावून प्रकाश कमी करणाऱ्या करड्या काचेची. सेकंदाला २५ फ्रेम घेताना हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर १/५० सेकंद ठेवावे लागते. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर त्यासाठी अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/२२ पर्यंत बंद करावे लागेल. तेच एफ/४ इतके उघडायचे, तर पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी करणारा एनडी ३२ हवा. किसुमू जवळजवळ विषुववृत्तावर आहे. तिथे दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत गडद सावल्या पडतात. सायंकाळी तो क्षितिजाकडे सरळ उतरत असल्यामुळे संधिप्रकाश लवकर सरतो. त्यामुळे महत्त्वाची दृश्ये सकाळीच उरकण्याची सवय आतापासून लावून घ्या.

एका गोष्टीवर मला अधिक बोलायचे आहे. कॅमेऱ्याचा स्वयंचलित मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढतो. मागे चकाकते पाणी किंवा आकाश असेल, तर काळ्या कांतीच्या माणसाचा चेहरा नुसता आकार होऊन उरतो. हा प्रश्न जुना आहे; फिल्मच्या काळात प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रियांची छायाचित्रे असलेली ‘शर्ली कार्डे’ वापरली जात, आणि गडद त्वचेचे तपशील त्यात हरवत. ज्यांच्या आयुष्यावर आपण माहितीपट करतो त्यांचा चेहरा नीट दिसणे ही त्यांच्याविषयीच्या आदराची पहिली अट आहे. म्हणून एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) मॅन्युअलवर ठेवून चेहऱ्यासाठी मोजावे, आकाश थोडे जळाले, म्हणजे पांढरे पडले, तरी चालेल, आणि शक्य असेल तिथे माणसाला सावलीच्या कडेला बसवावे.

सरावासाठी दूर जाण्याची गरज नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजातील कुटुंबे मासेमारी करतात. त्यांपैकी एखाद्या कुटुंबाशी आधी कॅमेऱ्याशिवाय ओळख करून घ्या, मग पहाटे डोंगा पाण्यात जाण्यापासून बाजारात मासळी विकली जाईपर्यंतची चार मिनिटांची पूर्ण फिल्म करा. सुटी सुंदर दृश्ये गोळा करू नका. हात, चेहरा, जागा, जाणारा माणूस, येणारा माणूस अशी एकमेकांशी जोडली जाणारी दृश्ये घ्या, प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरा, आणि स्वतःच संपादन करा, कारण काय घ्यायचे राहिले हे संपादनाच्या टेबलावरच कळते. झालेली फिल्म त्या कुटुंबाला नेऊन दाखवा. अंधाराच्या सरावासाठी कळमना बाजारात संत्र्यांच्या हंगामात पहाटे जा. तिथली गर्दी आणि ओरडा या दोन्हींतून एका माणसाचा आवाज वेगळा टिपता आला, की तुमची बरीच तयारी झाली असे समजा. व्हिक्टोरिया सरोवरावर ओमेना ही लहान मासळी रात्री दिव्यांच्या उजेडात पकडतात, तेव्हा जास्त प्रकाश आत घेणारी तुमची ३५ मिमी एफ/१.८ ची लेन्सच कामी येईल. केनियातही वीज ५० हर्ट्झची असल्याने घरगुती दिव्यांखाली १/५० शटर चालते. बॅटरीवरचे एलईडी दिवे मात्र लुकलुकू शकतात, त्यामुळे पडद्यावर पाहून शटर थोडे मागेपुढे करावे.

साठवणीचा हिशेब कागदावर मांडा. सेकंदाला १०० मेगाबिट दराने चित्रण केल्यास तासाला ४५ जीबी लागतात. रोज तीन तास म्हणजे १३५ जीबी. दोन टीबीच्या (सुमारे २,००० जीबीच्या) दोन एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायच्या साठवण-डिस्क, घ्याव्यात, रोज रात्री दोन्हींवर प्रत करावी, त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. तीन महिन्यांत त्याही भरतील, तेव्हा जुने चित्रण गटाच्या साठ्यात कधी हलवायचे, हे आधीच ठरवून घ्या.

प्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवाव्या लागतात; १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही, आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते. केनियात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो. विजेचा दाब २४० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ आपल्याकडच्याइतकाच, असल्यामुळे नुसता अॅडॅप्टर पुरतो. तिथे २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे, म्हणून साहित्य कापडी पिशव्यांत बांधावे आणि दमटपणासाठी सिलिका जेल सोबत ठेवावे. ड्रोन नेऊ नये. चित्रीकरणाचा परवाना कोण काढणार, हे गटाला लेखी विचारून घ्या. मुंबईमार्गे जात असाल, तर तिथल्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून कॅमेरा व लेन्स यांच्या अनुक्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना हे साहित्य परदेशात घेतलेले नाही हे दाखवता येते. त्यासाठी वेळ लागतो. विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोहोचा, आणि खरेदीच्या पावत्या हाताशी ठेवा.