नस काढल्यावरही दाढ का दुखते?

तुमचा प्रश्न असा: रूट कॅनल होऊन चार महिने झाले, कॅप बसली, एक्स-रे स्वच्छ आहे, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक, तरी दाढ रोज दुपारनंतर ठणकते. नसच काढलीय तर दुखतंय काय?

मी सांगलीकडे दातांचा दवाखाना चालवतो. हेच एका आजोबांनी मला फार सरळ शब्दांत विचारलं होतं: "नस काढल्याचे पैसे घेतलेत, आणि नस तिथंच?" मला हसू आलं, पण चूक त्यांची नव्हती, आमच्या बोलण्याची होती. 'नस काढली' असं आम्ही सवयीनं म्हणतो. प्रत्यक्षात काढतो ती नसेची फक्त टोकं.

दुखणं टिपणाऱ्या चेतापेशीचा मूळ गोळा दातात नसतोच. तो असतो कवटीच्या तळाशी, ट्रायजेमिनल नावाच्या चेतेवरच्या गाठीत. तिथून एक बारीक तंतू जबड्यातून दाढेत उतरतो आणि दुसरा मेंदूच्या बुडाशी जातो. रूट कॅनलमध्ये खालच्या तंतूचे शेवटचे दीड-दोन सेंटिमीटर आम्ही साफ करतो. पेशी वर जिवंतच राहते. तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल तर लगेच कळेल: तोड झाली म्हणून बुडखा मरत नाही, त्यालाच खोडवा फुटतो. तुटलेल्या तंतूलाही फुटवे येऊ शकतात, आणि कधीकधी ते फुटवे काही न लागताच वर निरोप पाठवत बसतात.

या पेशींना नॉसिसेप्टर म्हणतात. हा शब्द शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६ च्या सुमारास रूढ केला. दातात त्यांचे दोन प्रकारचे तंतू येतात. ए-डेल्टा तंतूंवर पातळ वेष्टन असतं, निरोप सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगानं धावतो. बर्फाचं पाणी लागल्यावर येते ती सणक यांची. सी तंतू उघडे, वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. मागून येणारा, नेमकं बोट ठेवता न येणारा ठणका त्यांचा. दाताच्या गाभ्यात जवळजवळ सगळ्या संवेदना याच दोन प्रकारच्या तंतूंकडून जातात, म्हणून दाताला गार-गरम असं निवांत काही कळत नाही, थेट कळच येते.

सणकेमागची गोष्ट मला फार आवडते. दाताच्या कवचाखालच्या थरात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत पाणी भरलेलं असतं. हिरडी खाली सरकून त्या उघड्या पडल्या की थंड, गोड किंवा नुसत्या वाऱ्यानंही आतलं पाणी हलतं आणि टोकाशी बसलेल्या तंतूंना हिसका बसतो. हा खुलासा स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडला आणि आजही तोच शिकवला जातो. २०२१ मध्ये त्यात भर पडली: गाभ्याच्या कडेच्या पेशींवर टीआरपीसी५ नावाची एक वाहिनी (पेशीच्या भिंतीतलं उघडझाप करणारं दार) थंडी ओळखते आणि लवंगेतलं युजेनॉल ती बंद करतं. आजीची दाढेखालची लवंग अगदीच भाबडी नव्हती तर! (तरी कीड तिनं जात नाही, हे सांगावंच लागतं.)

आता ठणक्याकडे. या पेशींचा उंबरठा कायमचा ठरलेला नसतो. मिरचीच्या तिखटानं उघडणारी टीआरपीव्ही१ ही वाहिनी १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधली. २०२१ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा होता. एरवी ती साधारण ४३ अंशांना उघडते. पण दाढ आतून सुजली की तिथं साचणाऱ्या रसायनांनी तो आकडा खाली येतो, इतका की अंगाची नेहमीची ऊबसुद्धा पुरते. काही पेशंट थंड पाण्याची बाटली गालाला लावून, घोट घोट पाणी तोंडात धरून येतात ते याचमुळे. अशा दाढेला भूलही नीट चढत नाही. सूज आंबट असते, त्यात भुलेचं औषध तंतूच्या आत कमी शिरतं, आणि पेशीही चवताळलेली असते. पेशंटला वाटतं डॉक्टरनं इंजेक्शनात काटकसर केली.

साधारणपणे सूज उतरली की पेशी थंडावतात. पण दुखणं महिनोन्महिने अंगावर काढलेलं असेल तर वरच्या मजल्यावरही बदल होतो. मेंदूच्या बुडाशी निरोप घेणाऱ्या पुढच्या पेशी इतक्या हळव्या होतात की खालून कुजबुज आली तरी त्यांना आरोळी ऐकू येते. पाठीच्या कण्यातला हा प्रकार क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवला. चेहऱ्याच्या चेतेतही तेच घडतं. रूट कॅनलनंतर सहा महिन्यांनीही दुखणारे शंभरात पाचेक जण निघतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या दातात दोष सापडत नाही. म्हणजे तुम्हाला भास होत नाहीये.

पण लगेच नसेवर खापर फोडू नका. आधी साध्या गोष्टी बघून घ्या. वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चौथा कालवा (मुळातली नळी, म्हणजे कॅनल) असतो आणि तो सहज निसटतो. मुळाला चीर असू शकते, कॅप किंचित उंच असू शकते, किंवा रात्री दात खाऊन गालाचा स्नायू दुखत असतो आणि दोष दाढेवर येतो. साध्या एक्स-रेत यातलं बरंच दिसत नाही. एक जुनी युक्ती उपयोगी पडते: दाढेला भूल द्यायची. दुखणं पूर्ण थांबलं तर मूळ बहुधा तिथंच. अर्धवट थांबलं किंवा काहीच फरक नाही, तर मूळ दाढेबाहेर शोधायचं.

तोवर दाढ काढून टाकू नका. हे मी माझ्याच चुकीवरून सांगतोय. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका बाईंची खालची दाढ मी काढली. कळ विजेसारखी यायची, काही सेकंद टिकायची, तोंड धुताना गालाला हात लागला तरी यायची. दाढ गेली, कळ तशीच. तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होता, म्हणजे दाताचं नव्हे, त्या चेतेचंच दुखणं. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी कार्बामाझेपिन सुरू केलं आणि पंधरा दिवसांत त्या जेवायला लागल्या. काढलेली दाढ निरोगी होती.

तुमचं वर्णन तसं नाही. संथ ठणका आहे. दातात खरंच काही निघालं नाही, तर चेहऱ्याच्या दुखण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा. ते कदाचित ॲमिट्रिप्टिलिन थोड्या मात्रेत देतील. मेडिकलवाला म्हणेल हे नैराश्याचं औषध. घाबरू नका, इथं ते नसांसाठी असतं, आणि असर दिसायला काही आठवडे लागतात. रोज दुखण्याची गोळी घेत राहणं मात्र थांबवा. ती सुजेवर चालते, आणि तुमच्याकडे सूज उरलेली दिसत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: दाढ चावताना दुखते की नुसतं बसल्या जागीही? आणि रूट कॅनलच्या आधी किती दिवस दुखत होती? ते कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.