इंटरनेट नसताना छोट्या बोर्डवर कॅमेऱ्यातून माणूस ओळखता येतो का?

हो येतो की, आणि महागडं काही लागत नाही. ईएसपी३२-कॅम घ्या, म्हणजे कॅमेरा लावलेला छोटा बोर्ड. आतली रॅम फक्त ५२० केबी, वर ४ एमबीची जास्तीची, तरी त्यावर टेन्सरफ्लो लाइट मायक्रोचं (छोट्या चिपवर एआय चालवायचं गुगलचं सॉफ्टवेअर) माणूस ओळखायचं उदाहरण चालतं, कारण मॉडेलला, म्हणजे फोटोंवरून शिकलेल्या प्रोग्रामला, फोटो द्यायचाच ९६ बाय ९६ पिक्सेलचा, तोही ब्लॅक अँड व्हाइट, आणि मॉडेलमधले ३२ बिटांचे आकडे ८ बिटांवर आणले की साइज चौथाई होते, मग अख्खं मॉडेल अडीचशे-तीनशे केबीत बसतं. खरी कमाल मोबाइलनेटची, म्हणजे या मॉडेलच्या रचनेची, गुगलवाल्यांनी ती २०१७ला आणली, एका मोठ्या कन्व्होल्युशनचे (फोटोवर छोटी चौकट सरकवत करायचं गणित) दोन छोटे तुकडे केले आणि गणितं आठ-नऊ पटीने कमी झाली, अचूकता मात्र थोडीशीच घसरली. मला हे अजूनही भारी वाटतं.

एक सांगतो, तयार मॉडेलवर थांबू नका. माझ्या गॅलरीत दोरीवरचा शर्ट वाऱ्याने हलला की बोर्ड लगेच माणूस म्हणायचा. मग त्याच जागेवरून सकाळ, दुपार, ट्यूबलाइट असे फोटो काढले, शर्टाचे वेगळे, आणि मॉडेल परत ट्रेन केलं, तेव्हा कुठे शहाणं झालं. कॅमेरा जिथे लावणार तिथलेच फोटो हवेत, नेटवरचे नाही. आणि ५ व्होल्टचा सप्लाय दमदार ठेवा, नाहीतर बोर्ड सारखा रीसेट होतो.

गर्दीतली माणसं मोजायची असतील तर हा बोर्ड पुरणार नाही, मग रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर आणि २०२४ला आलेलं त्याचं एआय किट बघा, १३ टॉप्सचं, म्हणजे सेकंदाला १३ लाख कोटी गणितं करणारं.