टर्नर वाचताना शेवट झाकून ठेव

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

हिटलरवरचं तुझं टिपण काल रात्री वाचलं. मेहनत दिसते. पण पहिल्याच वाक्यात त्याचा उदय ‘अटळ’ होता असं लिहिलंस, ते मला खटकलं.

इतिहासकार हेन्री अ‍ॅशबी टर्नर यांचं १९९६ चं पुस्तक हाताशी घे. जानेवारी १९३३ या एका महिन्यावर त्यांनी ते अख्खं बेतलंय. महिना उजाडतो तेव्हा हिटलर उताराला लागलेला आहे. जुलै १९३२ मध्ये त्याच्या नाझी पक्षाला संसदेत २३० जागा, नोव्हेंबरात १९६. सुमारे २० लाख मतं गेली, डिसेंबरात ग्रेगोर श्ट्रासर या बड्या नेत्यानं पक्षातली पदं सोडली, तिजोरीत खडखडाट. आणि ३० जानेवारीला तोच माणूस चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख!

४ जानेवारीपाशी जरा थांब. कलोनमध्ये कुर्ट फॉन श्रोडर या बँकरच्या घरी फ्रान्झ फॉन पापेन गुपचूप हिटलरला भेटला. चॅन्सेलरपद हातून जाऊन त्याला जेमतेम महिना झाला होता, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या श्लायशरचा काटा त्याला काढायचा होता. दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी! मग १५ तारखेला लिपे या चिमुकल्या राज्यात निवडणूक झाली. नाझींना सुमारे ३९ हजार मतं, जुलैपेक्षा कमीच. तरी विजयाचा डांगोरा पिटला गेला आणि तो कामी आला. चॅन्सेलर नेमणं राष्ट्राध्यक्षाच्या हाती; शेवटी त्या ८५ वर्षांच्या हिंडेनबुर्गचं मन वळवण्यात पापेन पुढे होता. नव्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच. त्याला वेसण घालता येईल, अशी पापेनला खात्री होती.

कोण चुकलं हे टर्नर नावानिशी सांगतात, म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात. तरी एका बाबतीत त्यांच्याशी वाद घाल. एका म्हाताऱ्याच्या सहीवर देश लटकला, कारण १९३० पासूनच संसदेला बाजूला सारून राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षाच्या अध्यादेशांवर कारभार चालला होता. आणि तिसरा हिस्सा मतदार नोव्हेंबरातही हिटलरकडेच होते. हे सगळं ३० दिवसांत मावत नाही.

आता वहीत ३० पानं आख, १ ते ३० जानेवारी. प्रत्येक पानावर त्या दिवशी लोकांना जे ठाऊक होतं तेवढंच लिही. पुढचं काही डोकावू देऊ नकोस.

पहिली दहा पानं झाली की घरी ये. पापेनचा राग येईल. येऊ दे, पण ते पान अर्धवट सोडू नकोस.

तुझी,
बाई