लो-फॉडमॅप आहारात सारखी भूक लागत असेल, तर काय खावे?

आयबीएस (पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा आतड्यांचा जुना त्रास) यासाठी लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी व आंबून वायू करणारी कर्बोदके कमी असलेला आहार, सुरू केल्यावर कांदा, लसूण, गहू, राजमा आणि साधे दूध एकदम बंद झाले व जेवून दोन तास होत नाहीत तोच भूक लागते, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा असे होते, कारण पदार्थ काढले जातात, पण त्यांच्या जागी प्रथिने आणि स्निग्धांश येत नाहीत आणि माणूस नुसत्या मऊ भातावर राहतो.

ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, तिच्यावर चमचाभर तूप, सोबत दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर (दह्याऐवजी लिंबू पिळून) आणि दोन अंडी, एवढ्याने पोटाला चांगला आधार मिळतो. अंडी चालत नसतील तर घट्ट टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) घ्यावा. मऊ, रेशमी टोफू टाळावा. चवीची उणीव मात्र खरोखर जाचते. त्यासाठी लसूण तेलात मंद आचेवर तळून पाकळ्या पूर्ण गाळून टाकाव्यात. लसणातले त्रासदायक फ्रुक्टन (अशाच कर्बोदकांचा एक प्रकार) तेलात विरघळत नसल्यामुळे स्वाद उरतो आणि पोट बिघडत नाही. हे तेल त्याच दिवशी संपवावे. बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणून डबीवरचा मजकूर वाचूनच हिंग घ्यावा.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत वर्ज्य करण्याचा टप्पा साधारण 2 ते 6 आठवड्यांचाच असतो, त्यानंतर एकेक पदार्थ पुन्हा खाऊन पाहायचा असतो. तोवर वजन घटू लागले, तर आहारतज्ज्ञांना लगेच भेटावे.